जिम्नी थोडी उचलायची, तर स्पेसर की स्प्रिंग?

दाजीपूरच्या बाजूला किंवा गगनबावड्याच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, नेणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, २१० मिलिमीटर; तरी गाडी इंच-दोन इंच उंच झाली तर बरं वाटतं.

स्पेसर म्हणजे मूळ स्प्रिंगला लावायची जाड चकती. स्वस्त, बसवायला सोपी, आणि स्प्रिंग तीच असल्यानं गाडीचा मऊपणाही जवळपास तसाच. पण शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे) मूळचेच राहतात. गाडी उंच झाली की चाक खाली लोंबायला जागा कमी उरते, आणि खड्ड्यात चाक लवकर अधांतरी होतं. आपल्याला तर नेमकी तिथंच पकड हवी असते!

लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉक घेतले तर ही अडचण सुटते. स्प्रिंग थोड्या कडक घेतल्या तर टपावर सामान, मागं चार जणांचा डबा असला तरी गाडी बसतही नाही. मात्र कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करतात, म्हणून वजनाप्रमाणंच निवडा. दोन इंचांवर कॅस्टर (स्टेअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी होऊन स्टेअरिंग हलकं, भरकटतं वाटतं. त्यासाठी कॅस्टर बुश, म्हणजे तो कल परत आणणारे रबरी बुश, घ्या. ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळं ॲक्सल किंचित बाजूला सरकतो, तोही तपासा.

आणि दोन्हीत डिफरन्शियलखालची (ॲक्सलच्या मधल्या गोल गिअरपेटीखालची) उंची वाढत नाही, ती फक्त मोठ्या टायरनं वाढते. महिन्यातून एखादी पन्हाळा-जोतिबा फेरी असेल तर एक इंची स्पेसर पुरे. दर पावसाळ्यात चिखलात उतरणार असाल तर थांबा, पैसे साठवा, स्प्रिंग-शॉकच घ्या.