कांजिण्या: येऊ द्यायच्या की लस टोचून घ्यायची?

गोवराची लस सरकारी वेळापत्रकात आहे, तिथे विचार करायची वेळच येत नाही. कांजिण्यांची मात्र राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यात दोन डोस, प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास. त्यात घरातली आजी म्हणते, "लहानपणीच येऊन गेलेल्या बऱ्या, एकदाच्या सुटतात." आजी अगदीच चुकीचं बोलत नाही.

दोन्हीकडे शरीर करतं ते काम एकच. विषाणू ओळखायचा, अँटीबॉडीज तयार करायच्या आणि त्याची ओळख धरून ठेवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं राखायच्या. फरक आहे तो विषाणूत. लशीतला विषाणूही जिवंतच, पण कमजोर केलेला. १९७०च्या दशकात जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी ओका आडनावाच्या एका आजारी मुलाकडून तो मिळवला आणि प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केला. तो वाण आजही 'ओका' म्हणूनच ओळखला जातो.

टिकाऊपणात आजार थोडा पुढे: एकदा आला की प्रतिकारशक्ती बहुधा जन्मभराची. लशीच्या दोन डोसांनी ९० टक्क्यांच्या वर संरक्षण मिळतं. त्यातूनही कांजिण्या आल्याच तर मोजके फोड, ताप नावापुरता.

पण आजाराची किंमत बघा. खाज आणि आठवडाभर बुडलेली शाळा हे बहुतेकांचं. काहींचे फोड चिघळतात, क्वचित न्यूमोनिया होतो किंवा मेंदूला सूज येते. फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवत असतं. घरात गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर अवघड. शिवाय कांजिण्या 'एकदाच्या सुटत' नाहीतच. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन उठू शकतो. लशीतला विषाणूही दडू शकतो, पण लस घेतलेल्या मुलांत नागीण बरीच कमी आढळते.

पैसे जमत असतील तर मी लशीच्याच बाजूने. मूल पंधरा महिन्यांचं झालं की पहिला डोस. कांजिण्या कधीच न झालेल्या मोठ्या माणसाने तर डॉक्टरांना जरूर विचारावं, त्या वयात आजार जास्त झोडपतो. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना ही लस देत नाहीत. आणि शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या म्हणजे वेळ गेली असं नाही: संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेली लसही बरेचदा आजार रोखते, निदान सौम्य तरी करते.