तळ सुटा होणारा टार्टचा साचा

बडोद्यात न्यायमंदिराजवळच्या मंगळ बाजारातून ९ इंची साचा घेतला. पत्रा जाड, कडेच्या चुण्या खोल, आणि खालून दाबलं की तळ अलगद वर येतो. टार्टचं रिकामं कवच (सारण भरण्याआधीची मैद्याची पारी) भाजताना फुगू नये म्हणून वर वजनाला ठेवतात त्या मातीच्या महागड्या गोळ्या मुळीच लागत नाहीत. बेकिंग पेपर चुरगळून मऊ करायचा, आत पसरायचा आणि कोरडे तांदूळ काठोकाठ भरायचे. राजम्यापेक्षा तांदूळच बरे. ते चुण्यांत शिरतात, म्हणून कडा खाली घसरत नाही. १९० अंशांवर १५ मिनिटं, मग तांदूळ काढून आणखी ८-१० मिनिटं, तळ बदामी होईपर्यंत. श्रीखंड भरूनही कवच कुरकुरीत राहिलं! त्या भाजक्या तांदळाचा पुलाव इतका खमंग होतो की सासूबाईंनी मागून घेतला. साचा धुऊन लगेच पुसा, डाग पडतात.