‘स्पिरिट ऑफ ईडन’: टॉक टॉकने शांततेवर टाकलेला विश्वास

एखाद्या बँडने आपला ओळखीचा आवाज सोडला की ऐकणाऱ्याला आधी फसवणूक झाल्यासारखे वाटते. सप्टेंबर १९८८ मध्ये लंडनच्या टॉक टॉक या बँडचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ हा अल्बम आला, तेव्हा ‘इट्स माय लाइफ’ आणि ‘सच अ शेम’ या १९८४ च्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांना तसे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. त्या गाण्यांत सिंथेसायझरची चमक होती, पहिल्या काही सेकंदांतच पकड घेणारी धून होती आणि नृत्याला साजेसा ठेका होता. नव्या अल्बममध्ये यांपैकी काहीही नाही. सहा रचना, एकूण सुमारे एक्केचाळीस मिनिटे, आणि त्यांतला मोठा भाग इतका हळू वाजतो की सुरुवातीला अल्बम सुरू झाला आहे की नाही, असाच प्रश्न पडतो.

तरीही हा बदल एका रात्रीत झालेला नाही, आणि हा अल्बम विकत घेण्याआधी किंवा ऐकायला बसण्याआधी ही गोष्ट ध्यानात घेतली तर त्याच्याशी ओळख होणे सोपे जाते. १९८६ चा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ हा त्यांचा सर्वाधिक यशस्वी अल्बमांपैकी एक, आणि ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ हे त्यावरचे सर्वांना ठाऊक असलेले गाणे. पण त्याच अल्बमवर ‘एप्रिल फिफ्थ’ आणि ‘कमीलियन डे’ या दोन रचना आहेत, ज्यांत ठेका जवळजवळ विरून जातो आणि बँडचा गायक मार्क हॉलिसचा आवाज एकेका सुरावर रेंगाळतो. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ची वाट तिथेच सुरू झालेली आहे. जी गोष्ट आधी दोन गाण्यांपुरती होती, तिच्यावर बँडने या वेळी अख्खा अल्बम उभा केला, हाच खरा फरक आहे, आणि माझ्या मते धाडसही तेच आहे.

त्या आधीच्या यशामुळेच त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही मिळाले. ध्वनिमुद्रण झाले ते उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत, एका चर्चच्या जुन्या सभागृहात. हॉलिस आणि त्याचा सहलेखक व निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी ध्वनिमुद्रक फिल ब्राउन याच्यासोबत तिथे कित्येक महिने काम केले. खोली अंधारी ठेवलेली असे आणि उजेड असलाच तर तो प्रोजेक्टरमधून भिंतींवर सरकणाऱ्या रंगांचा. बाहेरचे वादक येत, वाजत असलेल्या ध्वनिमुद्रणावर त्यांना हवे तसे वाजवत, आणि तासन्‌तास वाजवलेल्यातून काही क्षणच ठेवले जात. डबल बासवर डॅनी थॉम्पसन, व्हायोलिनवर नायजेल केनेडी, ट्रम्पेटवर हेन्री लोथर अशी नावे श्रेयनामावलीत दिसतात, पण त्यांतल्या कुणालाही आपले कौशल्य दाखवण्यासाठी जागा राखून ठेवलेली नाही. इतक्या मोठ्या वादकाचे चार सूर ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हा निर्णय किती कठीण असेल, याचा विचार ऐकताना वारंवार मनात येतो.

पहिल्या तीन रचना, ‘द रेनबो’, ‘ईडन’ आणि ‘डिझायर’, एकमेकींत मिसळत जातात आणि त्या एकत्रच ऐकायला हव्यात. आरंभी दुरून येणारा ट्रम्पेट आणि धूसर तंतुवाद्ये आहेत. बऱ्याच वेळाने गिटारचा एक लांबवलेला सूर येतो, त्यामागे ड्रम्सचा अतिशय संथ ठेका, आणि मग मार्क फेल्टमचा माउथ ऑर्गन. हे वाद्य इतके खरखरीत, फाटलेले आणि जोरकस वाजू शकते, हे मला या अल्बमपूर्वी माहीत नव्हते. इलेक्ट्रिक गिटारने करायचे काम इथे तेच करते. हॉलिसचे शब्द पुष्कळदा ओठांतच राहतात. विलंबित लयीची सवय असलेल्या श्रोत्याला हे वाट पाहणे जड जाणार नाही, कारण इथेही सूर कधी लागतो यापेक्षा तो लागेपर्यंत काय घडते, यालाच महत्त्व आहे.

‘डिझायर’मध्ये या वाट पाहण्याचा अर्थ उलगडतो. ऑर्गनच्या मंद सुरावर हॉलिस जवळजवळ कुजबुजत असतो आणि एका क्षणी सगळी वाद्ये एकदम कोसळतात. हा आघात इतका मोठा वाटतो, कारण आधीच्या पंधराहून अधिक मिनिटांत आपले कान बारीक आवाज टिपायला शिकलेले असतात. गोंगाट करणारे अल्बम पुष्कळ आहेत. गोंगाटाला किंमत मिळवून देणारे फार थोडे, आणि त्यांत मी याला अगदी वरचे स्थान देईन.

या बदलात लोक बहुधा बँडचा ड्रमवादक ली हॅरिस याच्याकडे दुर्लक्ष करतात, म्हणून त्याच्याविषयी थोडे. त्याचे ड्रम्स मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला वाजत असल्यासारखे ऐकू येतात आणि तो एकच साधा ठेका न बदलता, न सजवता धरून ठेवतो. वरची वाद्ये कितीही सैल झाली तरी हा ठेका त्यांना विखरू देत नाही. ‘आय बिलीव्ह इन यू’ ऐकताना हे फार स्पष्ट जाणवते. हे गाणे हेरॉइनच्या व्यसनाविषयी आहे. त्यात कुठेही उपदेश नाही, फक्त असहाय दुःख आहे, आणि चेम्सफर्ड कॅथीड्रलच्या समूहगायनाचे स्वर वर येतात तेव्हा गळा दाटून येतो. याच गाण्याची छोटी आवृत्ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली होती. ती ऐकली, तर या संगीतातून वेळ काढून घेतला की उरलेले किती पोकळ होते, हे कळते.

सर्वच जमले आहे असे मात्र नाही. ‘इनहेरिटन्स’मध्ये मध्यभागी ओबो, बासून आणि क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा एक तुकडा येतो. तो सुंदर आहे, पण बाकीचा अल्बम जसा अंधारात चाचपडत सापडल्यासारखा वाटतो तसा तो वाटत नाही. आधी कागदावर लिहून मग आणून ठेवल्यासारखा भासतो. शब्द कळत नाहीत, ही दुसरी अडचण, आणि ती खरी आहे. गाणी आधी छापील शब्दांसह एकदा वाचावीत, मग कागद बाजूला ठेवून ऐकावीत, असे मी सुचवेन.

शेवटची ‘वेल्थ’ ही प्रार्थना आहे. पियानो, ऑर्गन आणि स्वतःला पूर्णपणे सोपवून देणारा आवाज, एवढेच तिच्यात आहे. आवाज थांबल्यावर ऑर्गन एकटाच बराच वेळ मागे राहतो. हॉलिसचे फेब्रुवारी २०१९ मध्ये निधन झाले, त्या दिवसानंतर हा शेवट मला पूर्वीसारखा ऐकता आलेला नाही.

रेकॉर्ड कंपनी आणि बँड यांच्यातला कराराचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९१ चा ‘लाफिंग स्टॉक’ दुसऱ्या कंपनीकडून आला. रॉकची वाद्ये वापरून गाण्याच्या ठरावीक साच्याबाहेर जाणारे जे संगीत नव्वदच्या दशकात ‘पोस्ट-रॉक’ या नावाने ओळखले जाऊ लागले, त्याची मुळे सांगताना या दोन अल्बमांचा उल्लेख हमखास होतो. पण या कीर्तीसाठी ‘स्पिरिट ऑफ ईडन’ ऐकायला घेऊ नये.

ज्यांना टॉक टॉकची जुनी गाणी प्रिय आहेत त्यांनी आधी ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ संपूर्ण ऐकावा आणि लगेच दुसऱ्या दिवशी हा. फोनच्या स्पीकरवर पहिली दोन मिनिटे नाहीशीच होतात, त्यामुळे चांगले हेडफोन किंवा शांत खोली हवीच. सुरुवातीला काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होईल; तो आवरावा, कारण ‘डिझायर’ पुढेच आहे. रचनांचा क्रम बदलू नये, आणि मधे थांबावे लागलेच तर ‘डिझायर’ संपल्यावर थांबावे.