लॅपटॉपला दुसरा स्क्रीन: २४ इंची की पोर्टेबल?
खानापूरच्या भाचीचं टेबल जेमतेम अडीच फुटांचं. म्हणजे ७६ सेंटीमीटर. २४ इंची मॉनिटरच ५३ खातो, लॅपटॉप शेजारी मावतच नाही. तो पुढ्यात ठेवायचा, नाहीतर मॉनिटर क्लॅम्पच्या आर्मवर चढवायचा. (मॉनिटरच्या मागे व्हेसाची, म्हणजे आर्म स्क्रूनं बसवायची, चार भोकं आहेत का, आधी बघ.) १५.६ इंची पोर्टेबल ३५ सेंटीमीटरांत बसतो. पण दोन्हींचं रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) बहुधा १९२०×१०८०च, त्यामुळे पोर्टेबलवर अक्षरं मुंगीएवढी. १५० टक्के झूम केलं की मिळालेली जागा गेलीच! खोक्यावरचं ‘एचडीआर’ (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवायची सोय) वाचूच नकोस.

पावसाळ्यात लाईट गेली की मोठा बंद. पोर्टेबल लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, टाईप-सी पोर्ट व्हिडिओ देणारा असला तर.

दिवसभर एक्सेल असेल तर २४ इंची घे. दर आठवड्याला बेळगाव-खानापूर करणाऱ्यानं पोर्टेबल घ्यावा.