जादूच्या वस्तूंचा भाव: तक्ता, सूत्र की पातळी?

बेळगावच्या टिळकवाडीत काय किंवा खानापुरात काय, पाच-सहा जण जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ सुरू केला की दोन-चार बैठकांत कुणीतरी विचारतंच, "या गावात जादूच्या वस्तूंचं दुकान आहे काय?" हो म्हणालात की डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून तुमची पंचाईत. त्यात आपली पोरं खडेबाजारात वाढलेली, सांगितलेल्या भावात वस्तू उचलणं त्यांच्या रक्तातच नाही. तेव्हा भावाची पद्धत आधीच ठरवून ठेवा. निवड मुख्यतः तिघांतून करायची आहे.

सर्वात सोपा याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा तक्ता. यात वस्तू किती दुर्मिळ आहे त्यावर भाव. 2014 च्या डीएम-मार्गदर्शिकेत 'अनकॉमन' वस्तूला 101 ते 500 सोन्याची नाणी, 'रेअर'ला 501 ते 5,000, 'व्हेरी रेअर'ला 5,001 ते 50,000 असे ऐसपैस पट्टे होते. 501 आणि 5,000 यांत दहापट फरक, म्हणजे ठरवायचं शेवटी तुम्हीच. 2024 च्या आवृत्तीत एकेकच आकडा दिला: कॉमन 100, अनकॉमन 400, रेअर 4,000, व्हेरी रेअर 40,000, लेजंडरी 2,00,000. एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूला निम्मा भाव, मंत्राची गुंडाळी मात्र त्यातून वगळलेली. चिलखत किंवा शस्त्र असेल तर त्याची मूळ किंमत वर धरायची, म्हणून +1 प्लेट चिलखत (साध्यापेक्षा एका अंकानं सरस, म्हणून रेअर) 4,000 अधिक 1,500 असं 5,500 ला पडतं. ही दुरुस्ती गरजेचीच होती. जुन्या पट्ट्यात अ‍ॅडमँटाइन या कठीण धातूचं प्लेट चिलखत अनकॉमन म्हणून 500 च्या आत बसायचं आणि साधं प्लेट 1,500 ला!

पण दुर्मिळता म्हणजे उपयोग नव्हे, आणि या तक्त्याची खरी खोट तिथंच आहे. उडता झाडू अनकॉमन, म्हणजे 400 नाणी. घेतला की जन्मभर उडा. उडण्याचं पेय व्हेरी रेअर, निम्मं करूनही 20,000, आणि उडायला मिळतो एक तास. हा हिशेब खेळाडूंच्या नजरेतून सुटेल या भ्रमात राहू नका. चौघांनी चार झाडू घेतले की दरी, तटबंदी, खंदक असं तुम्ही रात्र जागून आखलेलं सगळं खाली राहतं आणि मंडळी वरून निघून जातात.

घासाघीस हवी असेल तर 2017 च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग'मधली रीत याच तक्त्याला जोडता येते. वस्तू शोधायलाच कामाचा एक आठवडा आणि 100 नाणी घालवायची, मग मन वळवण्याचा फासा टाकायचा. भावही फाशावर: अनकॉमनला एक सहापैलू फासा गुणिले 100, रेअरला दोन दहापैलू फाशांची बेरीज गुणिले 1,000. आपल्याकडच्या टेबलावर हे मस्त रंगतं. अख्खी संध्याकाळ एका अंगठीच्या सौद्यात गेली तरी चालणार असेल, तरच घ्या.

दुसरी पद्धत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच जुन्या 3.5 आवृत्तीतलं सूत्र. शहापूरच्या सराफाकडे वजन, दर, घडणावळ वेगवेगळी मांडून दागिन्याची किंमत निघते, तसंच हे. शस्त्राच्या जादूची किंमत म्हणजे बोनसचा वर्ग गुणिले 2,000: +1 ला 2,000, +2 ला 8,000, +3 ला 18,000. चिलखताला 2,000 च्या जागी 1,000. मंत्राच्या वस्तूंना मंत्राची पातळी (ताकदीचा क्रमांक) गुणिले मंत्र टाकणाऱ्याची पातळी, आणि त्याला एक ठराविक आकडा: गुंडाळीला 25, पेयाला 50, कांडीला 750. स्वतः वस्तू रचणाऱ्या डीएमला याच्यासारखं सुख नाही. मात्र सतत चालणाऱ्या मंत्रांपाशी सूत्र फसतं. पहिल्या पातळीचा 'ट्रू स्ट्राइक' पुढच्या एका हल्ल्याला +20 देतो. तोच कायमचा अंगठीत कोंबला तर सूत्रानं ती चक्क परवडणारी निघते. म्हणून आलेला आकडा आधी छापील वस्तूंशी ताडून बघायचा आणि मगच सांगायचा. गटात एखादा हिशेबी इंजिनिअर असेल, आणि बेळगावात तो असतोच, तर तो सूत्रातली फट तुमच्याआधी शोधेल.

तिसरी पद्धत पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची, त्याच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीतली. इथं प्रत्येक वस्तूला पातळी आणि भाव दोन्ही छापलेले, कुठल्या पातळीच्या पात्राकडे किती माल असावा तेही लिहिलेलं. दुकान बिनधास्त उघडं ठेवावं तर इथंच. नियम अधिकृतपणे इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हाही फायदा. पण इथले आकडे उचलून डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये टाकू नका. इथं फुल प्लेट 30 नाण्यांना मिळतं, तिथं प्लेटला 1,500 पडतात.

नवा डीएम असाल तर माझं मत 2024 चा तक्ता. तो 2025 मध्ये खुल्या परवान्याखाली आलेल्या नियमांतही आहे, त्यामुळे पुस्तक मागवायची घाई नको. फक्त प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: वापरून संपते का, आणि अडथळा कायमचा मोडते का? उडता झाडू मी 4,000 च्या खाली देणार नाही, उडण्याचं पेय 500 ला सोडेन. घासाघिशीत दहा टक्क्यांपर्यंत सूट, तीही बैठकीत एकाच वस्तूवर. कुठली ते त्यांचं त्यांनी भांडून ठरवावं.