भाऊबिजेला मिळालेली फिल्म क्लबची मेंबरशिप : दहा महिन्यांनंतर

गेल्या भाऊबिजेला मेव्हण्याने हिला साडीऐवजी फिल्म क्लबची वर्षाची मेंबरशिप दिली, दोघांची. साडी असती तर हिच्या एकटीची झाली असती; यात मीही सापडलो. माझी आवड आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. साऊथचे डब केलेले मारधाडीचे पिक्चर, पोलीस तपास, तुरुंगातून पळून जाणं. पहिल्या पाऊण तासात एक तरी मुडदा पडला पाहिजे. गाणं लागलं की मी चहा टाकायला उठतो.

महिन्यातून दोन रविवार, संध्याकाळी साडेपाच, शाळेचा हॉल. तिकीट नसतं. खेळ फक्त सभासदांसाठी, त्यामुळे एखादा बघून मग ठरवू, असं चालत नाही, वर्गणी आधी. काय दाखवणार ते शुक्रवारी व्हॉट्सॲपवर कळतं. आणि मध्यंतर नसतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिलाच सिनेमा ‘द अंब्रेलाज ऑफ शेरबुर्ग’. जाक दमीचा, 1964 चा, फ्रेंच. गाण्याला उठणाऱ्या माणसाच्या नशिबी असा सिनेमा आला, ज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी बोलतच नाही, सगळे गातात. आपल्या संगीत नाटकातही पद संपलं की पात्रं माणसांसारखी बोलायला लागतात. इथे तेवढीही सूट नाही. मेकॅनिक गाडीबद्दल गिऱ्हाइकाशी गाऊन बोलतो. मग गॅरेजमधलाच एक जण म्हणतो की आपल्याला नाही बुवा ऑपेरा आवडत, ते गाणं सोसवत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा. हेही गाऊनच! मी मोठ्याने हसलो. पुढच्या रांगेतल्या काकांनी वळून पाहिलं, पण माझा निम्मा राग तिथेच उतरला.

थोड्या वेळाने हे लोक गातायत याचं भानच राहिनासं झालं. गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात घडेल अशी. छत्र्यांच्या दुकानातली मुलगी, गॅरेजमधला मुलगा, आईची नापसंती. मुलाला अल्जेरियाच्या लढाईचं बोलावणं येतं, इकडे मुलीला दिवस गेलेले, आणि एक सज्जन जवाहिऱ्या मागणी घालतो. मी सवयीने खलनायक शोधत होतो. आई? नाही, ती व्यवहारी आहे एवढंच. जवाहिऱ्या तर फारच भला माणूस. कुणाला धरून बडवावं, तर सापडतच नाही. शेवट पेट्रोल पंपावर, बर्फ पडत असताना. पंपावर जे काही बोलतात तेही सुरातच, आणि इतकं थोडं बोलतात की आपल्यालाच अवघडायला होतं. परत येताना मी गप्प गाडी चालवत होतो. ही मागून म्हणाली, “अहो, पेट्रोल भरायचं होतं ना?” पंप केव्हाच मागे गेला होता.

पुढे ‘द जनरल’ लागला. 1926 चा मूकपट, बस्टर कीटन. हा मला आवडला यात नवल नाही, कारण तो मारधाडीचाच बाप आहे. धावत्या इंजिनाच्या पुढ्यात बसून, रुळावर पडलेला लाकडी स्लीपर दुसरा स्लीपर आपटून उडवतो हा माणूस, तोही चेहऱ्यावरची रेष न हलवता. पुढे जळत्या पुलावरून नदीत कोसळतं ते इंजिनही खरंच. मूकपट म्हणजे भराभरा चालणारी माणसं, अशी माझी समजूत होती. ती आता नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. ‘जान डिलमान’, शांताल अकरमान या बेल्जियन बाईने वयाच्या पंचविशीत केलेला, 1975 चा. जवळपास 200 मिनिटं. 2022 मध्ये एका ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांना विचारून काढलेल्या यादीत पहिला नंबर याचा, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. ते ऐकूनच मला जांभई आली. ब्रसेल्सच्या फ्लॅटमधली विधवा बाई, तिचा मुलगा, तीन दिवसांचं घरकाम. दुपारी पैसे घेऊन घरी पुरुष घेते, आणि ते पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकते. कॅमेरा एका जागी ठोकलेला. ती बटाटे सोलते, तर आपण बटाटे सोलताना बघायचं. पूर्ण.

तासाभराने मी गुडघा चोळत हिला म्हटलं, निघू या का? ही म्हणाली, “थांबा हो, तिने झाकण लावलं नाही.” त्या भांड्याचं झाकण. मी पाहिलंच नव्हतं. मग मीही बघायला लागलो. खोलीतून निघताना रोज दिवा बंद करणारी बाई चुकायला लागली होती. बटाटे जास्त शिजले, तर ते पातेलं हातात धरून ती घरभर फिरते, कुठे ठेवावं तेच तिला सुचत नाही. सांगतो, अख्ख्या वर्षातलं सगळ्यात थरारक दृश्य ते होतं माझ्यासाठी. पोलीस तपासाचे पिक्चर बघून जी नजर तयार होते, तीच इथे लागते: रोजच्यातलं काय बदललंय? फरक एवढाच, की इथे पुरावे स्वयंपाकघरात आहेत आणि ते हिला माझ्या आधी दिसले.

बटाट्यांवरून आठवलं, ‘द ट्यूरिन हॉर्स’ मात्र मला झेपला नाही. हंगेरीचा, बेला टारचा. बाप, मुलगी, हटून बसलेला घोडा, न थांबणारं वारं, आणि रोज एकेक उकडलेला बटाटा. शेजारचे लोक भारावले होते. मी तिसऱ्या बटाट्याला झोपलो. तेव्हा संथ सिनेमे आता आपल्याला कळायला लागले, असा काही माझा गैरसमज नाही.

घरी प्रयोग करून बघितला. इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?’ फोनवर लावला. चुकून आलेली मित्राची वही परत करायला एक पोरगा शेजारच्या गावी धावतो, एवढीच गोष्ट. मी चार वेळा पुढे ढकलला आणि कंटाळलो. तोच सिनेमा दोन महिन्यांनी क्लबात लागला. उद्या वही नसेल तर मित्राला शाळेतून काढतील, या काळजीने मी अक्षरशः खुर्चीच्या कडेला बसलो होतो. पुढे ढकलायची सोय नसणं हेच या मेंबरशिपमधलं मुख्य औषध आहे, असं माझं मत झालंय.

तक्रारी आहेतच. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोन तासांपलीकडे कंबर बोलते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखे बंद करतात. एप्रिलमध्ये काय होतं ते सांगायला नको. सबटायटल इंग्रजीत आणि पडद्याच्या तळाशी, त्यामुळे पुढच्याचं डोकं आलं की निम्मं वाक्य जातं. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरा. नंतरच्या चर्चेत ‘अवकाश’ हा शब्द कितीदा येतो ते मी बोटांवर मोजतो, दोन हात पुरत नाहीत. चर्चेला थांबणं सक्तीचं नाही.

नूतनीकरणाचा मेसेज परवा आला. मेव्हण्याचा लगेच फोन, यंदाही तेच देऊ का म्हणून. वर्गणी मी भरून टाकलीय, हिला साडी आण, म्हणून सांगितलं त्याला.