मेहुण्यांच्या पीएफच्या पैशांत एजंटने मारलेला हात

माझे मेहुणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होते. हार्ट अटॅकने अचानक गेले. तेराव्याला आलेल्यांत एक जण कोणाच्याच ओळखीचा नव्हता. सासरच्यांना वाटलं माहेरचा, आम्हाला वाटलं कंपनीतला. निघताना तो ताईला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, सहा महिन्यांत विम्याचा क्लेम केला नाही तर पैसे सरकारजमा होतात. मी बघतो सगळं. दहा टक्के द्या, तेही पैसे आल्यावर."

असा सहा महिन्यांचा नियम कुठेही नाही. पण घरात इतकं मोठं दुःख असताना नियम कोण तपासत बसणार?

ज्या विम्याबद्दल तो बोलत होता तो खराच आहे. पीएफ कापला जातो त्या कामगाराला ईडीएलआय योजनेत विम्याचं कवच असतं. हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काहीच जात नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. कित्येक घरांना हे ठाऊकच नसतं आणि या लोकांचं दुकान त्यावरच चालतं.

त्याने ताईकडून आधार, पासबुकाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला आणि दोन चेक घेतले. एका चेकवर दोन रेघा मारून 'कॅन्सल' लिहिलं. दुसऱ्यावर नुसती सही घेतली, म्हणे ऑफिसात सही जुळवून बघतात. क्लेमला एक कॅन्सल केलेला चेक लागतो, बस. कोऱ्या चेकवर सही कोणतंही सरकारी ऑफिस मागत नाही.

फॉर्म त्यानेच भरला. मोबाईल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला, त्यामुळे क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज त्याला गेला, ताईला नाही. बँक खात्याला मेहुण्यांचा नंबर जोडलेला होता आणि तो फोन कपाटात बंद पडलेला. पैसे जमा झाले त्याच दिवशी कोऱ्या चेकवर दीड लाख उचलले गेले. दहा टक्क्यांच्या कितीतरी वर! पासबुक भरून आणलं तेव्हा कुठे हे कळलं. त्याचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

पण मला जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. मृत्यूनंतरच्या क्लेमसाठी एकच एकत्रित फॉर्म असतो: पीएफ, विमा आणि पेन्शन. पठ्ठ्याने पहिल्या दोनच रकान्यांत खूण केली होती. विधवा पेन्शन दरमहा थोडीथोडी येते, त्यात त्याला हात मारायला वाव कुठे? ही पेन्शन किमान 1000 रुपये असते आणि सभासदाची एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी लागू होते. शिवाय 25 वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी या विधवा पेन्शनच्या 25 टक्के. भाची अजून शाळेत आहे, तिचाही हक्क तो असाच सोडून मोकळा झाला होता.

राहिलेल्या पेन्शनचा वेगळा फॉर्म, 10-डी, आम्ही नंतर कंपनीच्या एचआरकडून सही करून घेतला. एक पैसा लागला नाही. कंपनी बंद पडली असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. पीएफ ऑफिसात क्लेमला फी नसते, ओटीपी फोनवर कोणी विचारत नाही, आणि काम रखडलं तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार करता येते.

पोलिसांत तक्रार दिली आहे. चेकवरची सही ताईचीच असल्यामुळे बँकेने हात वर केले. काउंटरवरच्या सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांनी मागवलंय. पेन्शन मात्र सुरू झाली, मेहुणे गेले तेव्हापासूनच्या थकबाकीसकट.